किल्ली एक, हिस्से अनेक: कुणा एकाच्या हाती न येणारी डिजिटल किल्ली कशी तयार करतात?

डिजिटल सही करण्यासाठी एक खासगी किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे प्रत्यक्षात एक खूप मोठी गुप्त संख्या असते. ती एकाच संगणकावर तयार न करता अनेकांनी मिळून, आपापल्या संगणकांवर, अशा रीतीने तयार करता येते की पूर्ण किल्ली कुणालाही, कधीही, क्षणभरसुद्धा दिसत नाही. प्रत्येकाकडे फक्त आपला हिस्सा राहतो. सही करायची वेळ आली की ठरलेल्या संख्येइतके हिस्सेदार एकत्र येतात आणि किल्ली न जुळवताच सही तयार करतात.

किल्ली जन्माला घालण्याच्या या पद्धतीला ‘डिस्ट्रिब्युटेड की जनरेशन’, थोडक्यात डीकेजी, म्हणतात. आपापली माहिती गुप्त ठेवून अनेकांनी मिळून हिशोब करण्याच्या ‘मल्टि-पार्टी कॉम्प्युटेशन’ म्हणजेच एमपीसी या शाखेचा हा एक भाग आहे. ही पद्धत कशी चालते, ती वापरताना कोणती काळजी घ्यावी लागते आणि एवढी काळजी घेऊनही कुठे फसगत होऊ शकते, याची माहिती या लेखात आहे.

आंब्याच्या पेटीवरची सही

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही बाहेरचा आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून विकला जातो, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे.

समजा, रत्नागिरीतल्या एखाद्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने ठरवले की प्रत्येक पेटीवर वेगळ्या क्रमांकाचा क्यूआर कोड लावायचा आणि त्यात संस्थेची डिजिटल सही असेल. मुंबईतल्या किंवा दुबईतल्या ग्राहकाने मोबाइलवर कोड तपासला की ही पेटी संस्थेनेच नोंदवली आहे, हे त्याला कळेल.

आता या सगळ्या व्यवस्थेचा जीव त्या एका खासगी किल्लीत आहे. ती कार्यालयातल्या एका लॅपटॉपवर ठेवली, तर तो लॅपटॉप हाताळणारा कारकून, दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, बॅकअपचा पेनड्राइव्ह ज्याच्या कपाटात आहे तो पदाधिकारी, यांपैकी कुणाकडूनही ती बाहेर जाऊ शकते. तशी ती गेली, तर कुठल्याही आंब्याच्या पेटीवर संस्थेची ‘खरी’ सही लागेल. सही बनावट नसल्यामुळे ग्राहकाला फसवणूक ओळखताच येणार नाही.

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, एक व्यवस्थापकाकडे आणि एक रोखपालाकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. डिजिटल किल्लीला हाच नियम लावायचा आहे. मात्र एक मोठा फरक आहे. लोखंडी किल्ली चोरीला गेली की ती जागेवर नाही हे दिसते. डिजिटल किल्लीची नक्कल झाली, तरी मूळ किल्ली जागेवरच राहते आणि चोरी झाल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुकडे करणे आणि तुकड्यांतच जन्मणे

गुपित वाटून ठेवण्याची गणिती पद्धत १९७९ मध्ये आदी शमीर आणि जॉर्ज ब्लेकली यांनी स्वतंत्रपणे मांडली. शमीर यांच्या पद्धतीत गुपिताचे समजा पाच हिस्से करता येतात आणि त्यांपैकी कोणतेही तीन आणले की गुपित परत मिळते. दोनच हिस्से असतील, तर गुपिताबद्दल काहीही कळत नाही.

ही पद्धत आजही बॅकअपसाठी उपयोगी आहे. पण सहीच्या किल्लीसाठी तिच्यात दोन कच्चे दुवे राहतात.

पहिला दुवा सुरुवातीचा. हिस्से करणाऱ्याकडे आधी पूर्ण किल्ली असावी लागते. त्याने नंतर ती पुसली असे सांगितले, तरी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून इतरांकडे मार्ग नसतो. त्याच्या संगणकात आधीच घुसखोरी झालेली असेल, तर पुढच्या वाटपाला काही अर्थ उरत नाही.

दुसरा दुवा वापराच्या वेळचा. सही करण्यासाठी तीन हिस्से एका संगणकावर जुळवले की त्या क्षणी पूर्ण किल्ली पुन्हा एका ठिकाणी येते.

डीकेजी पहिला दुवा काढून टाकते, कारण किल्ली सुरुवातीपासून हिस्स्यांच्या रूपातच अस्तित्वात येते. दुसरा दुवा ‘थ्रेशोल्ड सिग्नेचर’ काढून टाकते. तिच्यात प्रत्येक हिस्सेदार आपल्या हिश्शाने अर्धवट सही करतो आणि त्या अर्धवट सह्यांतून एक पूर्ण सही तयार होते. दोन्ही एकत्र वापरल्या, तरच किल्लीच्या सबंध आयुष्यात ती कुठेही एकसंध नसते.

हिशोब कसा चालतो?

तीन जण घेऊ: संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार. तिघांपैकी कोणतेही दोघे सही करू शकतील, असे ठरले आहे.

प्रत्येक जण मनात दोन संख्या धरतो. पहिली म्हणजे त्याचे गुपित आणि दुसरी म्हणजे त्याचा गुणक. अध्यक्षांनी ४ आणि ३ धरले, सचिवांनी ५ आणि २, खजिनदारांनी २ आणि ४.

मग प्रत्येक जण तिघांसाठी एकेक संख्या काढतो. अध्यक्षांसाठीच्या संख्येत गुणक एकदा मिळवायचा, सचिवांसाठीच्या संख्येत दोनदा, खजिनदारांसाठीच्या संख्येत तीनदा.

- अध्यक्षांच्या संख्यांवरून: ७, १०, १३
- सचिवांच्या संख्यांवरून: ७, ९, ११
- खजिनदारांच्या संख्यांवरून: ६, १०, १४

ज्याची संख्या त्यालाच गुप्तपणे पोचवली जाते. अध्यक्षांकडे ७, ७ आणि ६ जमा होतात, त्यांचा हिस्सा २०. सचिवांकडे १०, ९ आणि १०, त्यांचा हिस्सा २९. खजिनदारांकडे १३, ११ आणि १४, त्यांचा हिस्सा ३८.

खरी किल्ली आहे तिघांच्या गुपितांची बेरीज, म्हणजे ४ + ५ + २ = ११. पण ११ हा आकडा कुणी लिहिला नाही, कुणी पाहिलाही नाही. तरी तो कोणत्याही दोन हिस्स्यांत दडलेला आहे. अध्यक्षांचे २० आणि सचिवांचे २९ यांत ९ चा फरक आहे. २० मधून ९ वजा केले की ११ उरतात. अध्यक्षांचे २० आणि खजिनदारांचे ३८ घेतले, तर दोन पायऱ्यांत १८ चा फरक, म्हणजे एका पायरीला ९, आणि उत्तर पुन्हा ११. एकट्या २० वरून मात्र काहीच कळत नाही.

प्रत्यक्षात या संख्या पंचाहत्तरहून अधिक अंकी असतात आणि बेरीज-वजाबाकी घड्याळाच्या काट्यांसारखी, एका ठरावीक मोठ्या मूळ संख्येपाशी फिरून येणारी असते. त्यामुळे अंदाजाने किल्ली शोधणे अशक्य होते. वर ११ काढून दाखवले ते समजावण्यापुरते. खऱ्या व्यवस्थेत ही शेवटची पायरी कुणीही, कधीही करत नाही. सही थेट हिस्स्यांवरून होते आणि ती तपासण्यासाठीची सार्वजनिक किल्ली सर्वांना खुली असते.

कल्पना कुठून आली?

दोन श्रीमंतांनी आपली संपत्ती न सांगता जास्त श्रीमंत कोण हे कसे ठरवावे, असा प्रश्न अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्ये मांडला. एमपीसीची सुरुवात तिथून मानतात. १९८७ मध्ये पॉल फेल्डमन यांनी मिळालेला हिस्सा खरा आहे की नाही हे तपासण्याची रीत दिली. १९९१ मध्ये टॉर्बेन पेडरसन यांनी वाटप करणाऱ्या विश्वासू व्यक्तीशिवाय किल्ली तयार करण्याची पद्धत दिली. वर दिलेला हिशोब त्याच वळणाचा आहे.

पुढे या विषयात भारतीय नावेही दिसतात. अनिकेत काटे आणि इयान गोल्डबर्ग यांनी २००९ मध्ये इंटरनेटवर चालू शकेल अशी डीकेजी मांडली. इंटरनेटवर निरोप उशिरा पोचतात आणि एखादा संगणक मध्येच बंद पडतो, हे त्यात गृहीत धरले होते. २०१० मध्ये काटे, ग्रेगरी झावेरुचा आणि गोल्डबर्ग यांनी हिस्स्यांची तपासणी फार थोड्या माहितीत करण्याची युक्ती दिली. तिघांच्या आद्याक्षरांवरून ती ‘केझेडजी’ म्हणून ओळखली जाते. तिच्यासाठी लागणारे गुपित इथेरियम या ब्लॉकचेनने २०२३ मध्ये १ लाख ४० हजारांहून अधिक योगदानांतून तयार केले. त्या सोहळ्याची अट अशी होती, की सहभागींपैकी एकाने जरी आपली संख्या प्रामाणिकपणे पुसली, तरी पूर्ण गुपित कुणालाच मिळणार नाही. आयआयटी मुंबईतले मनोज प्रभाकरन यांनी अमित सहाय यांच्यासोबत एमपीसीवरचा ग्रंथ संपादित केला आहे.

चांगल्या पद्धती: किल्ली तयार करण्यापूर्वी

*१. किती हिस्से आणि किती सह्या, हे आधी ठरवावे.* कोकणात ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदार असतात, तिचा व्यवहार किती अवघड होतो हे सर्वांना माहीत आहे. एक जण मुंबईत, एक परदेशात, एकाचा पत्ताच नाही, आणि सगळ्यांच्या सह्या हव्यात. डिजिटल किल्लीतही ‘पाचपैकी पाच’ अशी अट ठेवली, तर एक फोन समुद्रात पडला की किल्ली कायमची गेली. उलट ‘पाचपैकी एक’ ठेवली, तर वाटप करून उपयोग काय?

‘पाचपैकी तीन’ हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा मध्यम मार्ग आहे. दोन हिस्से चोरीला गेले तरी सही होत नाही आणि दोन हिस्से हरवले तरी काम अडत नाही. हा आकडा ठरवताना चोरीची भीती आणि हरवण्याची भीती, दोन्हींचा स्वतंत्र विचार करावा.

*२. हिस्सेदार खरोखर वेगळे असावेत.* पाच हिस्से पाच जणांच्या नावे, पण पाचही फोन एकाच तंत्रज्ञाने तयार केलेले, किंवा पाचही हिस्से एकाच क्लाउड खात्यात, असे असेल तर तो एकच हिस्सा समजावा. माणसे वेगळी, यंत्रे वेगळ्या बनावटीची, जागा वेगळ्या आणि पासवर्ड सांभाळणारे वेगळे, असे असले तरच वाटप खरे. एकाच घरातले दोघे किंवा वरिष्ठ आणि त्याच्या शब्दाबाहेर नसलेला कर्मचारी, यांनाही दोन स्वतंत्र हिस्सेदार मानू नये.

*३. परीक्षा झालेला प्रोटोकॉल घ्यावा, स्वतः रचू नये.* श्नॉर प्रकारच्या सह्यांसाठी ‘फ्रॉस्ट’ हा प्रोटोकॉल २०२४ मध्ये आरएफसी ९५९१ म्हणून प्रसिद्ध झाला. पण त्या दस्तऐवजात मुख्य भर सहीवर आहे. डीकेजी त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे आणि परिशिष्टात किल्ली वाटणारा एक विश्वासू घटक गृहीत धरलेला आहे. म्हणजे ‘आम्ही फ्रॉस्ट वापरतो’ एवढ्यावरून किल्ली वाटपातूनच जन्मली, असे ठरत नाही. हा प्रश्न सेवा देणाऱ्या कंपनीला वेगळा विचारावा लागतो. ईसीडीएसए प्रकारच्या सह्यांसाठी सीजीजीएमपी आणि डीकेएलएस या कुळांतले प्रोटोकॉल वापरात आहेत.

२०२३ मध्ये ‘टीएसएसशॉक’ आणि ‘बिटफोर्ज’ या नावांनी काही प्रचलित ईसीडीएसए अंमलबजावण्यांमधल्या त्रुटी उघड झाल्या. एका हिस्सेदाराने मुद्दाम सदोष संख्या पाठवायची, इतरांच्या सॉफ्टवेअरने तिची पुरेशी तपासणी करायची नाही आणि त्यातून पूर्ण किल्ली बाहेर काढता यायची, असा त्या त्रुटींचा गाभा होता. म्हणून सॉफ्टवेअरचे स्वतंत्र परीक्षण झाले आहे का आणि नंतरच्या दुरुस्त्या घेतल्या आहेत का, हे पाहणे आवश्यक ठरते.

*४. यादृच्छिक संख्या खरोखर यादृच्छिक असाव्यात.* ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक संख्या देणाऱ्या भागातला दोष उघड झाला. त्यामुळे काही बिटकॉइन वॉलेटमधून चोऱ्या झाल्या होत्या. सर्व हिस्सेदार एकाच प्रकारचा फोन आणि एकच ॲप वापरत असतील, तर असा दोष सर्वांना एकदम बाधतो.

किल्ली तयार करताना

*५. आधी बांधून घ्यावे, मग उघड करावे.* डीकेजीत शेवटी बोलणाऱ्याला फायदा मिळू शकतो. इतरांच्या संख्यांवरून काय बनणार हे पाहून तो आपली संख्या बदलतो किंवा आपल्या साथीदाराला ऐनवेळी बाद करवून घेतो. पेडरसन यांच्या पद्धतीत अशा रीतीने तयार होणारी किल्ली थोडीफार आपल्याकडे झुकवता येते, हे रोझारिओ जेनारो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले. त्यावरचा उपाय निविदेच्या सीलबंद लिफाफ्यांसारखा आहे. प्रत्येकाने आधी आपल्या निवडीला गणिती शिक्का लावून तो सर्वांना द्यायचा, सर्वांचे शिक्के आल्यावरच पुढचे पाऊल टाकायचे. शिवाय आपल्या शिक्क्यामागची संख्या खरोखर आपल्याला माहीत आहे, याचा पुरावाही प्रत्येकाने द्यायचा.

*६. मिळालेला हिस्सा तपासावा.* वरच्या उदाहरणात अध्यक्षांनी सचिवांना १० ऐवजी १२ पाठवले, तर? सचिवांना ते कळले पाहिजे. फेल्डमन यांच्या पद्धतीत अध्यक्ष ४ आणि ३ यांचे शिक्के सर्वांसमोर ठेवतात. या शिक्क्यांवरून मूळ संख्या कळत नाही, पण शिक्क्यांचा हिशोब करता येतो. ४ च्या शिक्क्यात ३ चा शिक्का दोनदा मिळवला की १० चाच शिक्का यायला हवा. न आल्यास सचिव तक्रार नोंदवतात. तक्रारीनंतर हिस्सेदाराला वगळायचे की सगळी प्रक्रिया नव्याने करायची, हे आधी लिहून ठेवलेले असावे. नव्याने करताना जुन्या संख्या पुन्हा वापरू नयेत.

*७. सर्वांना एकच निरोप मिळाला, याची खात्री करावी.* एखादा हिस्सेदार एकाला एक शिक्का आणि दुसऱ्याला दुसरा देऊ शकतो. म्हणून निरोप कुणाकडून आला हे ओळखता येईल असा मार्ग वापरावा आणि शेवटी सर्वांनी आपापल्या पडद्यावरचा सार्वजनिक किल्लीचा ठसा, म्हणजे तिचे संक्षिप्त रूप, मोठ्याने वाचून ताडून पाहावा. सभेच्या खोलीत पाच जणांनी समोरासमोर केलेली ही तपासणी साधी वाटते, पण ती बरेच डाव उघडे पाडते.

*८. कामाला लावण्यापूर्वी चाचणी घ्यावी.* किल्ली तयार झाल्यावर तिघांच्या प्रत्येक संभाव्य गटाने एकेक चाचणी सही करून पाहावी. पाच जणांतून तिघांचे दहा गट होतात, म्हणजे दहा सह्या. एखाद्याचा हिस्सा नीट साठवला गेला नसेल तर ते आजच कळते.

*९. इतिवृत्त ठेवावे.* कोण हजर होते, कोणत्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर वापरले, ठसा काय आला, चाचणी कशी झाली, याची नोंद सर्वांच्या सहीने ठेवावी. हिस्से मात्र कुठेही लिहू नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट तर नकोच.

किल्ली वापरात असताना

*१०. बॅकअप हिस्श्याचा घ्यावा, किल्लीचा नाही.* प्रत्येकाने आपल्या हिस्श्याची कुलूपबंद प्रत स्वतःच्या ताब्यात वेगळ्या जागी ठेवावी. सगळ्या प्रती ‘सुरक्षिततेसाठी’ संस्थेच्या एकाच तिजोरीत ठेवल्या, तर सगळी मेहनत वाया जाते.

*११. ठरावीक काळाने हिस्से बदलावेत.* किल्ली तीच ठेवून हिस्से नवे करता येतात. ही कल्पना १९९५ मध्ये अमीर हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी विकसित केली. वरच्या उदाहरणात तिघांनी मिळून, गुपित शून्य ठेवून, गुणक ५ चा नवा फेरा केला, तर हिस्से २५, ३९ आणि ५३ होतात. २५ आणि ३९ यांवरून किल्ली अजूनही ११ च येते. पण चोराकडे अध्यक्षांचा जुना २० असेल आणि त्याला सचिवांचा नवा ३९ मिळाला, तर त्याचे उत्तर १ येते, म्हणजे चुकीचे. चोराला ठरलेल्या संख्येइतके हिस्से एकाच कालखंडात मिळवावे लागतात.

*१२. पदाधिकारी बदलले की फेरवाटप करावे.* निवडणुकीनंतर नवे संचालक आले, तर जुन्यांकडून नव्यांकडे हिस्से सोपवायचे नसतात. फेरवाटपाने नव्यांसाठी नवे हिस्से तयार करायचे असतात. इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. जुन्या तिघांनी आपले जुने हिस्से पुसले नाहीत, तर ते एकत्र येऊन आजही सही करू शकतात. त्याबद्दल शंका असेल, तर नवी किल्ली तयार करून जुनी रद्द केल्याचे जाहीर करणे हाच उपाय.

*१३. अडचणीची रंगीत तालीम करावी.* इंटरनेटच्या नावांच्या व्यवस्थेची मूळ किल्ली वापरण्याचा सोहळा २०१० पासून अमेरिकेतल्या दोन सुरक्षित केंद्रांत होतो. त्यासाठी जगभरातून निवडलेले विश्वस्त येतात. ती किल्ली डीकेजीने तयार झालेली नाही, पण शिस्तीचा नमुना म्हणून तो सोहळा पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तो पुढे ढकलावा लागला, कारण तिजोरीचे कुलूपच बिघडले. गणित बिनचूक असले, तरी दार उघडत नसेल तर काम थांबते.

फसगत कुठे होते? मुंबईतले उदाहरण

१८ जुलै २०२४ रोजी मुंबईत मुख्यालय असलेल्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे सुमारे २ हजार कोटी रुपयांची मालमत्ता चोरीला गेली. असंख्य सामान्य गुंतवणूकदारांचे पैसे त्यात अडकले.

हे वॉलेट एका किल्लीवर चालणारे नव्हते. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार त्यावर सहा जणांच्या किल्ल्या होत्या, पाच वझीरएक्सच्या आणि एक लिमिनल या कस्टडी सेवा देणाऱ्या कंपनीची. व्यवहारासाठी वझीरएक्सच्या तिघांची आणि त्यानंतर लिमिनलची मंजुरी लागत असे. सही करणाऱ्यांकडे किल्ली साठवणारी स्वतंत्र उपकरणेही होती. तरीही चोरी झाली. पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झालेला व्यवहार वेगळे होते आणि त्या सहीने वॉलेटचा ताबाच चोरांकडे गेला, असे वझीरएक्सने म्हटले. आपली यंत्रणा भेदली गेल्याचे लिमिनलने नाकारले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीची जबाबदारी उत्तर कोरियाच्या हॅकर्सवर ठेवली.

पुढच्याच महिन्यात, २१ फेब्रुवारी २०२५ रोजी, बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरची चोरी झाली. तिथेही अनेकांच्या सह्यांचे वॉलेट होते आणि सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता.

ही दोन्ही वॉलेटे ‘मल्टिसिग’ प्रकारची होती, एमपीसीची नव्हती. मल्टिसिगमध्ये प्रत्येकाची किल्ली स्वतंत्र व पूर्ण असते आणि एका व्यवहारावर अनेक सह्या होतात. एमपीसीत किल्ली एकच असते, सही एकच दिसते, फक्त ती हिस्स्यांतून येते. पण या दोन चोऱ्यांचा धडा दोन्ही प्रकारांना सारखाच लागू पडतो. किल्ली कुणी चोरलीच नव्हती. खऱ्या माणसांनी, आपल्या खऱ्या किल्ल्यांनी, न पाहिलेल्या कागदावर सही केली होती.

कोऱ्या चेकवर पाच जणांनी सही केली म्हणून तो सुरक्षित होत नाही. म्हणून वरच्या तेरा मुद्द्यांना चौदावा जोडावा लागतो: *प्रत्येक हिस्सेदाराने आपण कशावर सही करतो आहोत, हे दुसऱ्याच्या पडद्यावर विसंबून न राहता स्वतंत्रपणे पाहावे.* आंब्याच्या संस्थेत याचा अर्थ असा, की सचिवांच्या फोनवर फक्त ‘मंजुरी द्या’ असे बटण येऊ नये. किती पेट्या, कोणते क्रमांक, कोणत्या बागेतून, हे दिसावे आणि ते गोदामाच्या नोंदीशी जुळते का हे पाहता यावे. दिवसाला ठरावीक पेट्यांहून जास्त सह्या होणार नाहीत, अशी मर्यादाही घालता येते. सर्वांच्या सह्या एकाच ॲपमधून, एकाच कंपनीच्या सर्व्हरवरून होत असतील, तर ती कंपनी हा एक न मोजलेला हिस्सेदार असतो.

भारतीय कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार डिजिटल सही प्रमाणपत्र ज्याच्या नावे आहे, त्याने खासगी किल्ली स्वतःच्या नियंत्रणात ठेवण्याची वाजवी काळजी घ्यायची असते आणि ती उघड झाल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे असते. प्रत्यक्षात अनेक कंपन्या आणि संस्थांच्या पदाधिकाऱ्यांचे सहीचे यूएसबी टोकन पिनसकट हिशोबनिसाकडे किंवा सल्लागाराकडे पडून असते. सोय म्हणून सुरू झालेली ही सवय कायद्याच्या हेतूच्या उलट आहे.

कायदेशीर कागदपत्रांवर मान्य होणारी डिजिटल सही परवानाधारक प्रमाणन संस्थेच्या प्रमाणपत्राच्या आधारे करावी लागते. संस्थेने स्वतः डीकेजीने तयार केलेली किल्ली पेटीवरच्या कोडसाठी किंवा अंतर्गत मंजुरीसाठी वापरता येईल, पण ती त्या प्रमाणपत्राची जागा आपोआप घेत नाही.

ही पद्धत कुणासाठी आहे?

प्रत्येकाला डीकेजीची गरज नसते. एका दुकानाच्या वेबसाइटसाठी ती अनावश्यक आहे. ज्या किल्लीने होणारे नुकसान मोठे आहे, जी वर्षानुवर्षे वापरायची आहे आणि जिच्याबाबत एकाच व्यक्तीवर विश्वास टाकणे योग्य नाही, तिथे ती उपयोगी पडते. एक्स्चेंज, बँका, प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था यांच्या बाबतीत असे असते. एकाच ठिकाणी किल्ली ठेवायची असेल, तर तिला बाहेर न सोडणारे हार्डवेअर सुरक्षा उपकरण पुरते. फक्त बॅकअप वाटून ठेवायचा असेल, तर शमीर यांची पद्धत पुरते.

पद्धत निवडताना विचारायचे प्रश्न थोडके आहेत. किल्ली पूर्ण स्वरूपात कधी, कुठे अस्तित्वात होती का? किती हिस्से चोरीला गेले तर धोका आहे आणि किती हरवले तर काम थांबते? हिस्सेदार एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र आहेत का? एखादा हिस्सेदार पद सोडून गेला तर काय करायचे, हे ठरले आहे का? आणि सही करताना प्रत्येकाला काय दिसते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘फक्त बटण दिसते’ असे असेल, तर आधीच्या चारही प्रश्नांची उत्तरे चांगली असूनही ती व्यवस्था अपुरी आहे.